लोगोतला धाकट्याचा हात

छापखान्यात मी माझी पाळी यायची वाट बघत होतो. पुढच्या टेबलाशी पंपांच्या कंपनीचे मालक आणि त्यांचा जुना चित्रकार बोलत होते.

"आपल्या लोगोतला एक हात काढून टाका. धाकटा वेगळा झाला."

"हात मिळवलेल्या चित्रातला एक काढला, तर उरलेला उसने मागतोय असं वाटेल, मालक."

"मग त्या हातात पाना द्या."

"देतो. भांडण कशावरून झालं?"

"लोगोवरूनच. मला रॉकेट हवं होतं. तो म्हणाला, हातच राहू दे, दादा."

"पंपाला रॉकेट?"

"तुम्हीही त्याच्यासारखंच बोला."

"बरं, काढू कोणता?"

"त्याचा. खालचा. वरचा माझा आहे, सगळ्यांना दाखवत आलोय मी."

"दोन्ही त्याचेच आहेत."

"काय सांगता?"

"मी चित्र काढलं तेव्हा तुमचा हात प्लास्टरमध्ये होता. त्यालाच दोनदा बसवलं."

"इतकी वर्षं बोलला नाहीत."

"तोच म्हणाला, दादाला कळू देऊ नका, त्याला तो हात फार आवडलाय."

मालक आपला उजवा हात उलटसुलट करून बघत राहिले.

"मग काय करू, मालक?"

"राहू द्या. खरं सांगू का, रॉकेट मलाही तितकंसं आवडलं नव्हतं."