चिमाक्का का येईनात?

"येत नाहीस तर नको येऊस! मी काय डोळे लावून बसलेय?"

असं भागाक्का पुटपुटल्या आणि डोळे पुन्हा दारालाच लावले! मागं सून शैला ज्वारी पाखडत होती. तिच्या हातातलं सूप थांबलं.

मंडळी, ऐका. आज एवढंच विचारते: म्हाताऱ्या माणसापासून दुःख लपवलं, की ते दुःख टळतं का? थांबा, माना डोलवायची घाई नको!

भागाक्का आणि चिमाक्का एकाच साली, एकाच गल्लीत नांदायला आल्या. चिमाक्का रोज दुपारी यायच्या. यायच्या, पान खायच्या आणि भांडायच्या! श्रावणात त्या लेकीकडं गेल्या, अन् तिथंच झोपेत गेल्या.

शैलाचा नवरा दिनकर दबक्या आवाजात म्हणाला, "आईला सांगायचं नाही. सोसायचं नाही तिला."

प्रेमानंच ठरलं हं! आणि थापा सुरू झाल्या. दिनकर म्हणे, सांगलीला गेल्यात. पुतण्या म्हणे, कराडला. शेजारीण तर थेट लातूरला पोचवून आली! अहो, जिवंतपणी ज्या बाईला एस्टी लागायची, तिला मेल्यावर जिल्हे फिरवतायत!

पुढं तर तोंडून निसटेल या भीतीनं भागाक्कांजवळ कुणी टेकेना. आल्यागेल्याला दारातूनच वाटेला लावायचे. शैलासुद्धा ताट ठेवायची आणि चुलीकडं वळायची. सासूच्या डोळ्यांत बघून खोटं बोलवेना तिला.

भागाक्का आटत चालल्या. ताट सरकवायच्या. केस विंचरू देईनात. डॉक्टर म्हणाले, "छाती ठीक, रक्त ठीक. कशानं झुरतायत ते घरात बघा."

घरात? घरातच तर दडवलेलं!

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी भागाक्का ठेवणीतलं लुगडं नेसून, भिंत धरत उंबऱ्याशी आल्या.

"शैला, वहाणा दे. चिमाकडं जाते."

"आत्याबाई, त्या गावाला—"

"पुरे गं. कळतंय मला. 'उद्या येऊ नकोस, डोकं उठवतेस,' असं मीच म्हणाले होते तिला. थट्टेत म्हणाले! लागलं तिच्या मनाला. म्हणून ती येत नाही, म्हणून तुम्हीही मला चुकवता. पाय धरते तिचे... मग जेवेन."

दिनकर मागून हातानं खुणावतोय — नको, नको!

बोला मंडळी, काय कराल? तुमच्याही घरात असलं एखादं वाक्य गिळून ठेवलंय की नाही? "त्यांना त्रास नको" म्हणता. त्रास कुणाचा वाचवता हो, त्यांचा की स्वतःचा? तुम्ही गप्प बसता, अन् कोपऱ्यातलं ते माणूस सगळा दोष स्वतःच्या पदरात घेऊन बसतं! आज घरी गेलात की आधी त्यांच्याजवळ बसा. हात हातात घ्या. शैलानं घेतला, तसा.

"आत्याबाई," ती म्हणाली, "चिमाक्का तुमच्यावर रुसल्या नाहीत. चिमाक्का गेल्या."

भागाक्का उंबऱ्यातच बसल्या. सुनेचा हात घट्ट धरून म्हणाल्या,

"मग मला रडू तरी द्यायचं होतंत गं!"