जिन्याच्या दिव्याचा नॉब

जबाब देणार: फ्यूजमामा (सगळे याच नावाने ओळखतात). वय ५८ वर्षे. धंदा: वायरमन. राहणार: पिठाच्या गिरणीमागची गल्ली, दुसरा मजला.

मी आज सकाळी साडेदहा वाजता, कोणी न बोलावता, पोलीस ठाण्यात हजर राहून सांगतो की, जिन्यावरून पडून वारलेली बाई माझी सख्खी थोरली बहीण होती. मी तिला अक्का म्हणत असे. ती, तिचा मुलगा म्हणजे माझा भाचा, आणि भाच्याची बायको असे तिघे त्या दुमजली घरात राहत.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अक्काच्या डोळ्यांना उजेड सोसत नव्हता. म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी हॉल, जेवणाची खोली आणि जिना अशा तीन सर्किटांना उजेड कमी-जास्त करणारे डिमर बसवले. तिन्ही नॉब जिन्याच्या पायथ्याशी एकाच पाटीवर, एकसारखे. जिन्याच्या वरच्या टोकाला साधं बटण आहे. ते दाबलं की दिवा लागतो, पण उजेड किती पडायचा हे खालचा नॉब ठरवतो. नॉब कितीही खाली केला तरी पुरेसा उजेड राहावा, यासाठी डिमरमध्ये एक बारीक स्क्रू असतो. हॉलचा आणि जेवणाच्या खोलीचा मी नीट फिरवून घेतला. जिन्याचा राहिला. मला दुसऱ्या कामावर जायची घाई होती.

अक्का म्हणाली, "नॉबवर नावं लिही रे, मला तिन्ही सारखेच दिसतात." मी म्हणालो, "पुढच्या खेपेला लिहितो." "म्हणजे मी म्हातारी होईपर्यंत थांबू का?" असं म्हणून ती हसली. तेव्हा तिला सत्तरावं लागलं होतं.

घटनेच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता अक्का वरच्या खोलीतून खाली यायला निघाली. तिने हाक मारली, "अगं, दिवा लाव." सुनेने वरचं बटण दाबलं. शेवटच्या तीन पायऱ्या राहिल्या असताना अक्का पडली. तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यातच वारली. पडली त्या दुपारी सासू-सुनेची बोलाचाली झाली होती. म्हणून सुनेने मुद्दाम दिवा लावला नाही, असं भाच्याचं म्हणणं. सून म्हणत होती, बटण दाबलं होतं, पण दिवा उजळलाच नाही.

सून खरं बोलते आहे. अक्का पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे दवाखान्यात असताना, मी किल्ली घेऊन घरी गेलो. हॉलचा नॉब पूर्ण वर होता आणि जिन्याचा पार खाली. हॉलचा दिवा मंद करायला गेलेल्या अक्काने चुकून जिन्याचा फिरवला असावा. मी वरचं बटण दाबून पाहिलं. बल्ब नुसता धुगधुगला. मी पाटी उघडली, स्क्रू फिरवला, नॉब वर केला आणि कुलूप लावून निघालो.

नंतर पोलीस पाहणीला आले तेव्हा दिवा लख्ख लागला. भाच्याने सगळ्यांसमोर विचारलं, "मामा, दिव्यात काही खोट होती का?" मी "नाही" म्हणालो. सून माझ्याकडे बघत होती. मी पक्कड पिशवीत ठेवत होतो. त्याच दिवशी भाच्याने तिला घराबाहेर काढलं. आज तिला चौकशीला बोलावलं आहे, हे मला काल कळलं.

हवालदार म्हणाले, तुमचाच परवाना जाईल. जाऊ दे. स्क्रू परत होता तिथे आणून पंचांसमोर दाखवायला मी तयार आहे. पस्तीस वर्षं लोकांच्या घरात दिवे लावले आणि अक्काच्या पायाखाली अंधार केला. वर त्या पोरीला खोटं पाडलं. मला फार वाईट वाटतं. हे वाक्य जबाबात बसत नाही म्हणतात, तरी लिहा.

सांगितलं तसंच लिहिलं आहे. वाचून दाखवण्याआधी मी खोलीचं दार उघडायला सांगितलं, कारण सून बाहेर बाकावर बसली आहे. दार उघडं ठेवून, तिला ऐकू जाईल अशा आवाजात हवालदारांनी जबाब वाचला. तो खरा आहे.

सही