सहा तासांचा फेस

— नाही हो, प्रयोगाच्या वहीत खोटं लिहिणारी बाई नाही ती. बसा ना, खुर्ची डुगडुगते, भिंतीला टेकवून घ्या. तिला कामावरून काढलं नि आता कारखान्याने चौकशीला पाठवलंय ना तुम्हाला, मग शेजारणीचंही ऐका — तीन वर्षं भिंतीला भिंत लागून राहतोय, तिच्याकडे कोण येतं-जातं ते मला विचारा. कोणी नाही येत. घरी असली की नुसता फेस करत बसायची. भाजलेल्या माणसाच्या अंगावर हात न लावता पसरायचा फेस. मी म्हटलं, त्यात काय एवढं, साबण घुसळ की. तर म्हणाली, "काकू, दोन बुडबुड्यांच्या मधे पाण्याचा पडदा असतो. पाणी खाली निथळतं, पडदा झिजतो नि फुटतो. साबणाचे रेणू आखूड, त्यांचं बळ पुरत नाही. माझे लांब, दोऱ्यासारखे — दोन्ही अंगांनी पडद्याला धरून बसतात, त्याच्या दोन बाजू एकमेकींना भिडूच देत नाहीत." सहा तास उभा होता हो — मी पाहिलाय, घड्याळ लावून.

मग कारखान्यात साहेबांपुढे दहा मिनिटांत का बसला? मला काय कळतंय, मी सातवी शिकलेली — किल्ली माझ्याकडे असायची, दूध आत ठेवायला, एवढंच. आणि तिचं दार सदा लावलेलं, माणसाला वाटतंच ना, बघावं जरा. टेबलावर बाटली होती, साहेबांना दाखवायला न्यायची. झाकण काढलं, तोंडावर तळहात दाबला नि हलवली — केसांना तेल लावता लावता तशीच उठून गेले होते मी. तेल ते कितीसं, हाताच्या रेषांत राहील एवढं. फेस आला की छान. बाटली पुसून जागच्या जागी ठेवली.

साहेबांपुढे फेस बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी आली, डोळे सुजलेले. "काकू, बाटलीला हात लावलात का? तेलाचा कण पुरतो पडदा फाडायला." मी म्हटलं, मी कशाला लावू — वर तिलाच बोलले, तुझ्या तापात उशाशी बसले ते हेच ऐकायला का. माझ्याकडची किल्ली घेऊन गेली ती. तेव्हापासून जिन्यात भेटली तरी खाली बघून जाते.

तुम्ही हे लिहिताय कशाला? मी आपलं बोलण्याच्या ओघात — सही? सही केली तर तिला परत घेतील, असं म्हणता. घेतीलही. आणि कागद तिला वाचायला देतील ना, शेजारणीचं नाव घालून? आज निदान संशयच आहे तिचा — तोंड फिरवते, पण काकूंनी खरंच केलं का, एवढं तरी तिच्या मनात उरलंय.

तो कागद फाडा. दुसऱ्यावर लिहा, शेजारणीला काही माहीत नाही. आणि जाताना दार ओढून घ्या.