बाबांनी सरळ केलेली नळी

...आणि एवढं सगळं होऊन उद्या उरलेल्या तीन तुकड्यांसमोर पुन्हा मीच! का? तर म्हणे, हिचं अक्षर चांगलं आहे! तुम्हाला सांगते, अक्षर चांगलं असणं हाच माझा गुन्हा.

वर्गात सतरा मुलगे आहेत हो, सतरा! तरी विज्ञानाच्या बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "पुरुष प्रजनन संस्थेचा तक्ता... तू काढ गं. आणि उद्या पुढे येऊन समजावून सांग." बाई कोणाशी बोलताहेत म्हणून मी मागे वळून बघितलं, तर मागे भिंत! मी समजावणार? हजेरीला मी 'हजर' म्हटलं, तरी बाईंना दोनदा विचारावं लागतं!

घरात टेबल एकच. त्याच्या अर्ध्या भागावर बाबांचे पाने आणि पकडी, उरलेल्यावर माझा तक्ता, तक्त्यावर मी आडवी. तरी आत्याने मान वाकडी करून बघितलंच. "फुलदाणी का गं?" हो म्हटलं. "उलटी धरलीयस," म्हणाली आणि गेली. सुटले!

पण बाबा... बाबा नळकाम करतात. त्यांना कुठलंही चित्र दाखवा, त्यात नळच दिसतो. नावं अजून घातली नव्हती, तेवढंच नशीब.

"कुठलं फिटिंग हे?"

"शाळेचं आहे."

"शाळेचं? मग टाकी अशी बाहेर का लोंबतेय?"

"आत फार गरम होतं, बाबा. बाहेर दोन-तीन अंश थंड असतं, नाहीतर... माल तयार होत नाही."

"किती दिवस लागतात तयार व्हायला?"

"अडीच महिने."

"अडीच महिने! बरं, आणि हे वेटोळं?"

"सोडवलं तर सहा मीटर. तिथे ते दोनेक आठवडे थांबतात, पोहायला शिकतात."

"कोण?"

काय सांगू? "...पाणी," म्हटलं.

"पाणी पोहायला शिकतं?" बाबा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू फी वाया गेली. मग बोट पुढे सरकलं. "आणि ही नळी बघ! जायचंय इथे, वीतभर खाली. तर ही पोटात वर चढते काय, त्या दुसऱ्या टाकीमागून वळसा घेते काय, आणि परत खाली! कोणी केलंय हे काम? आण त्याला माझ्यासमोर!"

मी हात धुवायच्या निमित्ताने जी पळाले, ती बराच वेळ हातच धूत बसले. सकाळी घाईघाईत नावं घातली, गुंडाळी केली, निघाले. नीट बघितलं का? नाही! अक्षर चांगलं, डोळे बंद!

वर्गात तक्ता उलगडला आणि सतरा मुलगे, चौदा मुली, सगळे फुटले. बाबांनी लाल पेन्सिलीने खालच्या टाकीपासून थेट बाहेर एक रेघ मारली होती, पट्टी लावून! शेजारी लिहिलं होतं, "इथून सरळ. पाइप वाचेल."

बाईंनी पहिल्यांदाच खिडकी सोडून तक्त्याकडे बघितलं. "हे कोणी केलं?"

"बाबांनी."

"मग सांग, सरळ का नाही?"

आता मरायचं की बोलायचं? बोलले. म्हटलं, "कारण बाई, ही खालची टाकी आधी वर होती, मूत्रपिंडाजवळ. जन्माच्या आधी ती खाली सरकली, पण पाइप कोणी बदललाच नाही. तो मूत्रपिंडातून येणाऱ्या मूत्रवाहिनीवरून तसाच आडवा राहिला." आणि मग काय झालं कोण जाणे, थांबेचना मी! वाटेत शुक्राशय शुक्रपेशींना साखर देतं, पुरःस्थ ग्रंथी आपला रस घालते, शेवटचा पाइप लघवीशी सामाईक, म्हणून शुक्रपेशी निघाल्या की वरची मूत्राशयाची झडप बंद... सगळं बाबांच्या भाषेत. हसणं कधी थांबलं, कळलंच नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "लाल रेघ पुसू नकोस. वडिलांचंही अक्षर चांगलं आहे."

घरी येऊन बाबांसमोर तक्ता पसरला. त्यांनी एकेक नाव वाचलं. कान लाल झाले. हातातला पाना खाली ठेवला.

"म्हणजे हे... माझ्यातही असंच आहे?"

"हो, बाबा."

बाबांनी लाल रेघेवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "वीस वर्षं मी लोकांच्या घरचे वळसे काढत हिंडतोय..."