भेंडीच्या वावरातले अकरा किलोमीटर

मंदाकाकूंनी मला कसं गप्प केलं, ते ऐकाच. बंगळुरूला शिकून चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावी परतले आणि बायकांचा धावण्याचा गट काढला. त्यात आलेल्या मंदाकाकूंना अमरावतीची दहा किलोमीटरची शर्यत धावायची होती. मी म्हटलं, "काकू, आत्ता कुठे तीन जमतात. यंदा पाचचीच धावा." त्यांचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी धावणं झाल्यावर त्या मोबाइलमधलं ॲप बंद करायला विसरल्या आणि फोन कमरेला खोचून तशाच भेंडी तोडायला गेल्या. संध्याकाळी माझ्याकडे आल्या. "पाह्य वं पोरी, हे बिघडलं वाटते."

सकाळचं धावणं वगळूनही अकरा किलोमीटर! नकाशावर त्यांच्याच वावरात खालीवर, खालीवर रेघा.

"बिघडलं नाही काकू. एवढं तुम्ही चाललात."

"मंग मले पाचाचं काहून सांगून राहिली? इतकं तं माह्यं रोज वाकून चालनं होते!"

मी मुकाट्याने दहासाठी त्यांचं नाव भरलं. दोन महिने सराव केला आणि काकूंनी शर्यत पूर्ण केली. माझे डोळे भरून आले. त्या मात्र धापा टाकत हसल्या, "सोपं हाये वं हे. टोपलं नाही उचला लागत!"