आत्या आणि चुकलेला पत्ता

सुलू : यतीन, घुगऱ्या शिजल्या, पाळणा सजला, बायका आता येतीलच. तुझ्या लेकीचा फोटो दिसला का मस्कतला?

यतीन : थांब गं आई. माझ्या वेबसाइटवर टाकलाय, पण इशिताला नुसतं कोरं पान दिसतंय. इथे घरच्या कॉम्प्युटरवर एकदम मस्त चाललंय.

सुलू : इथे चालून काय उपयोग? इथे तर लेक पाळण्यातच आहे! आत्याबाई तिकडे हटून बसल्यात, तोंड बघितल्याशिवाय नाव ठेवणार नाही म्हणून. ईमेल कर ना मुकाट्याने.

यतीन : केला. तिचा मेलबॉक्स भरलाय, परत आला.

सुलू : मग वेबसाइटला धाड काय भरली?

यतीन : पत्ता चुकलाय. फोटो उचलणारी फाइल आतल्या फोल्डरमध्ये आहे. त्या फाइलला सांगितलं, फोटो तुझ्या शेजारीच आहेत. घरी मी तीच थेट उघडतो, म्हणून चालतं. पण तिकडे साइट चालवणारं पीएचपी शोधतंय बाहेरच्या पानाच्या शेजारी, जिथून सुरुवात झाली तिथे.

सुलू : मला कळेल असं बोल, मेल्या.

यतीन : तू उत्तममामांना फोनवर काय सांगितलंस? गिरणीवरून डावीकडे वळा.

सुलू : मग? मी बाल्कनीतून बघूनच सांगत होते.

यतीन : आणि मामा येत होते स्टेशनकडून. त्यांचं डावं वेगळं. पोचले हाटकेशला, कारखान्यांत!

सुलू : अगं बाई! म्हणून एवढे घामाघूम होते होय!

यतीन : तसंच झालंय. आता फाइललाच विचारतो, बाई, तू स्वतः कुठे उभी आहेस? आणि ती सांगेल त्यावरून फोटोंपर्यंतचा अख्खा पत्ता लिहून टाकतो, अगदी सर्व्हरच्या मुळापासून. मग कुणीही कुठूनही येऊ दे. हं, चढवली. लाव फोन.

(फोन लागतो.)

यतीन : इशू, पान परत उघड.

इशिता : उघडतेय... सावकाश येतंय रे. कपाळ आलं. डोळे... अय्या, दादा!

सुलू : काय गं? रडतेस की काय?

इशिता : आई, तिच्या खाली ते मोराचं दुपटं... माझंच ना?

सुलू : तुझंच. कधीचं जपून ठेवलेलं.

इशिता : मला वाटायचं, मी नसले तरी तिकडे कुणाचं काही अडत नाही.

सुलू : वेडी कुठली! सगळं बारसं अडलंय तुझ्यावाचून.

इशिता : मग फोन तिच्या कानाला लाव. आधी तिला सांगते, मग तुम्हाला. तू ऐकू नकोस हं.

सुलू : नाही गं ऐकत. मी पाळण्याची दोरी धरलीय.