हिरवा पुडा आणि खालच्या सहा कुप्या

मी, वेंग चिंग-यू, वय २७ वर्षे, व्यवसाय संशोधक विद्यार्थिनी, राहणार चीकू, ताइनान, आज बुधवार दि. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की,

मला पहिला प्रश्न विचारला तो असा, की च्येन युए-ली यांना औषधाच्या कुप्या हाताळण्याचे काम कोणी शिकवले? याचे उत्तर मला देता येत नाही. चार वर्षांत त्यांना कोणी काही शिकवताना मी पाहिलेले नाही.

च्येन मावशी, वय ५९, आमच्या प्रयोगशाळेत काचसामान धुतात. माझे वडील माशांच्या तळ्यावर काम करतात. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. पहिल्या दिवशी कुपी कशी धरायची हे मला मावशींनी दाखवले.

आम्ही पॉलिमरच्या तांदळाएवढ्या कांड्या करतो. कांडीत प्लॅटिनम असलेले कर्करोगाचे औषध असते. सुईने दिलेले औषध तासाभरात अंगभर पसरते आणि रोगी उलट्यांनी कोलमडतो. कांडी तेच औषध गाठीजवळ चाळीस दिवस थोडे थोडे सोडते. माझ्या बारा कांड्या बारा कुप्यांत, सहा वरच्या व सहा खालच्या फळीवर, सदतीस अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये होत्या. शनिवारी तेविसावा दिवस होता. डिसेंबरातील माझी तोंडी परीक्षा याच प्रयोगावर होती.

यंत्राने शहाण्यासारखे वागावे म्हणून आमच्याकडे प्रत्येक यंत्रावर खाऊचा हिरवा पुडा ठेवतात. हिरवाच लागतो, आणि मुदत संपलेला चालत नाही. शुक्रवारी मावशी मला म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, शिळ्या नैवेद्यावर राबवताय होय यंत्राला?" म्हणून शनिवारी सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी इन्क्युबेटरवर नवा पुडा ठेवला. तो मी सर्वांत मोठा आणला होता. त्याखाली यंत्राचे हवेचे झरोके झाकले गेले, हे मी पाहिले नाही.

रविवारी सकाळी सात पन्नासला मावशी आल्या. तेव्हा आत वरच्या बाजूला सेहेचाळीस अंश होते; खालची फळी तेवढी तापली नव्हती. वरच्या फळीवरील कांड्या मऊ पडून सगळे औषध एका रात्रीत सुटले होते. मावशींनी पुडा बाजूला केला, उजेडाने औषध बिघडू नये म्हणून खालच्या सहा कुप्या चांदीच्या कागदात गुंडाळल्या आणि तिसऱ्या मजल्यावरील इन्क्युबेटरमध्ये नेऊन ठेवल्या. त्या सहांची मोजणी मी काल केली. औषध ठरल्या गतीने सुटत आहे.

पहारेकरी कुओ यांनी कॅमेऱ्यात मावशींना कुप्या नेताना पाहिले. विषारी औषध विनापरवाना हलवले व वरच्या सहा कुप्या बिघडवल्या, अशी तक्रार विद्यापीठाने दिली. मावशींनी पोलिसांना एवढेच सांगितले, "मला वाटलं, हलवल्या." येत्या शुक्रवारपासून त्यांना कामावरून काढणार आहेत.

सोमवारी जिन्यात मी त्यांना म्हणाले, "मावशी, पुडा मी ठेवला होता."

"माहितीये. एवढा ढोल पुडा दुसरं कोण आणणार? अगं, यंत्राला खाऊ द्यायचा असतो, त्याच्या नाकावर बसवायचा नसतो."

"मग सांगा ना त्यांना."

"आणि तुझी परीक्षा? मी काय, इथे नाही तर दुसरीकडे बाटल्या घासेन. तू तोंड उघडलंस तर बघ हं!"

सोमवारी आणि मंगळवारी मी तोंड उघडले नाही.

यंत्रात तापमानाची नोंद आपोआप होते. ती कोणी उघडून पाहिली नव्हती. काल सायंकाळी मी पाहिली. शनिवारी सहा दहापासून तापमान चढते, रविवारी सात पन्नासनंतर उतरते. वरच्या सहा कुप्या माझ्या हातून गेल्या. खालच्या सहा मावशींमुळे वाचल्या.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेच त्यात आहे. सही करण्यापूर्वी एवढे लिहून घ्यावे, की आज सकाळी नऊ वाजता तापमानाच्या नोंदीसह माझ्या चुकीचा लेखी कबुलीजबाब मी विद्यापीठाच्या कार्यालयात दिला आणि परीक्षेचा अर्ज मागे घेतला. दोन्हींची पोच सोबत जोडली आहे.